शनिवारचं कार्ड

९ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते न लिहिताही पोचतात. तुझं कार्ड आज आलं. पत्ता माझा, अक्षर तुझं, आणि मजकुराच्या जागी एकच शब्द, 'आई'. पुढे काही नाही. मी कार्ड उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. मग दुकानाचं दार लोटून घेतलं आणि खुर्चीत बसले. एका गिऱ्हाइकाचा कोट अर्धा कापून टेबलावर पडला होता, तो तसाच राहिला.

तुला बरं नाही का? लिहिता लिहिता चक्कर आली का? रुग्णालयात फोन केला, तर तिथल्या मुलीने सांगितलं की तू आत कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे काढते आहेस आणि चांगली आहेस. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तरी काय झालं ते लिहून कळव. फोनवर आपल्या दोघींचे आवाज चढतात आणि मग कुणी तरी आधी ठेवून देतं, म्हणून तर मीच म्हटलं होतं की यापुढे काय ते कागदावर बोलू.

आणि एक. मागच्या खेपेला घरी येऊन तू ज्यू होणार म्हणून सांगितलंस, तेव्हा मी म्हणाले होते की त्यातलं मला काहीही सांगू नकोस. ते अजून कायम आहे. तेवढं सोडून बाकी सगळं लिही. जेवतेस काय, झोपतेस किती, तुझ्या खोलीची ती खिडकी आता तरी नीट लागते का.

तुझी आई


१४ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. मी ठणठणीत आहे. खिडकी लागत नाही, तिच्या फटीत मी जुना मोजा कोंबला आहे. कार्डाचं सांगायचं तर तू सांगू नकोस म्हणालीस तेच सांगावं लागेल. नको असेल तर इथून पुढे वाचू नकोस. (वाचशील हे मला माहीत आहे.)

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी तारे दिसेपर्यंत. त्यात काम करायचं नाही, दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, लिहायचं नाही. रब्बी म्हणजे इथले गुरुजी. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे बाई म्हणतो, त्याच मला शिकवतात. मागच्या महिन्यात मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आता माझा शब्बाथ पुरा होतो, कुठेही चूक होत नाही. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, "हे काही बरं नाही झालं."

ज्याचा अजून धर्मात प्रवेश झालेला नाही त्याने शब्बाथ पुरता पाळायचा नसतो. तो त्या घरच्यांचा. बाहेरच्याने त्यातला एक तरी नियम जाणूनबुजून मोडायचा. माझ्याबरोबर एक सुतार शिकतो, तो दर शनिवारी जिन्यातला दिवा एकदा लावतो आणि विझवतो. बाईंनी विचारलं, तू काय करशील? मी म्हटलं, लिहीन. त्या म्हणाल्या, दोन अक्षरं लिहिली तरी पुरे.

मग मी शनिवारी टेबलाशी बसले आणि दोन अक्षरं लिहिली. कुठली लिहायची याचा विचारही करावा लागला नाही. रविवारी वाटलं, लिहिलंय तर पेटीत टाकावं. तू घाबरशील हे डोक्यात आलं नाही, चुकलंच माझं.

तुझी ठमी


२१ फेब्रुवारी

ठमे,

वाचलं. कंसात वाचशील म्हणून लिहिलंस, म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

मला समजलं ते असं. आठवडाभर तू शहाण्यासारखं वागायचंस आणि सातव्या दिवशी ठरवून एक आगळीक करायचीस, ती म्हणजे आईला लिहायचं. तो सुतार जिन्यातला दिवा लावतो, तू मला लिहितेस. म्हणजे मी तुझा नियमभंग. बाबा असते तर हसले असते, त्यांना कशाचंही हसू यायचं. मला नाही आलं.

आणि ज्या दिवशी तुझा तो प्रवेश होईल त्या दिवसापासून हे कार्डही बंद, होय ना? एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे. मग आताच बंद कर. सवय लावायची आणि मग तोडायची, असं करू नकोस. एक माणूस अचानक घरातून गेला, तेवढं मला पुरे झालं.

दुकानात कामाचा ढीग आहे. आता थांबते.

आई


शनिवार, २५ फेब्रुवारी

आई, बंद करणार नाही.


शनिवार, ४ मार्च

आई, शेजारच्या म्हाताऱ्याने दारात थांबवून विचारलं की तुमच्याकडे शनिवारी कुणी मेल्यासारखी शांतता का असते, तर मी म्हटलं उलट आहे.


शनिवार, ११ मार्च

आई, बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या ही आगळीक नाही, सध्या मला हेच सांगितलेलं काम आहे, आणि शिकलेल्या सगळ्यात एवढी एकच गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नाही.


३० मार्च

ठमे,

कार्डं येतात. मी मागवली नव्हती, पण पोस्टमन हातात देतो तर परत कशी करणार. मंगळवारी येतात. या मंगळवारी आलं नाही म्हणून मी त्या बिचाऱ्याला काहीबाही बोलले, बुधवारी आलं तेव्हा त्याने ते लांबूनच हात लांब करून दिलं.

लिहायचं कारण वेगळं. मावशी तुझ्याकडे राहून आली. म्हणाली, बोचरी थंडी होती आणि तू तिला न्यायला स्टेशनवर आलीस ती बाजारातला पातळ कोट घालून. आईने शिवलेला राखाडी कोट कुठे, असं तिने विचारलं तर म्हणालीस, जपून ठेवलाय. ठमे, तो कोट मी जपून ठेवण्यासाठी शिवला नव्हता. तुझी नोकरीतली पहिली थंडी होती. त्याची कॉलर आणि छाती मी हाताने टाचली, यंत्र लावलं नाही. पैसेवाल्या गिऱ्हाइकांनाही मी तसा कोट कधी दिला नाही. माझ्या हातच्या कपड्याची लाज वाटायला लागली का तुला?

मावशी आणखी एक म्हणाली. तुमच्या तिथल्या बायकांमध्ये ती बराच वेळ बसली होती. सगळ्या अगत्याने बोलल्या, पण एकीनेही तुझ्या घरचं विचारलं नाही. आई काय करते, वडील कशाने गेले, काही नाही. तू तिथे आईबाप नसल्यासारखी राहतेस का?

आई


४ एप्रिल

आई,

पेसाहचा सण तोंडावर आलाय. त्याआधी घरात पावाचा, पिठाचा कणही ठेवायचा नसतो, म्हणून मी मेणबत्ती आणि पीस घेऊन कपाटांचे कोपरे झाडते आहे. तुझं पत्र आल्यापासून पिसाने एकच कोपरा झाडत बसले होते.

लाज नाही गं. लोकर आणि लिनन एकत्र असलेला कपडा अंगावर घालायचा नाही, असा नियम आहे. का, ते सांगितलेलं नाही. बाई म्हणतात, काही नियमांची कारणं आपल्याला दिलेली नाहीत, ते तसेच पाळायचे. कोट लोकरीचा, आणि कॉलरच्या आतलं कॅनव्हास लिननचं. ते मिळवायला तू किती दुकानं पालथी घातलीस ते मी पाहिलंय, म्हणून मला विचारावं लागलं नाही. इथे दुसऱ्या एक बाई आहेत, त्या असे कपडे तपासतात. त्यांनी कॉलर उसवून आतलं काढून देते म्हटलं. मी नको म्हटलं. तुझे टाके दुसऱ्या कुणी उसवायचे हे मला बघवलं नसतं. म्हणून कोट कपाटात आहे, आणि तुला काय सांगावं ते सुचत नव्हतं.

घरचं विचारत नाहीत त्याचंही तसंच. बाहेरून आलेल्या माणसाला त्याच्या मागच्या दिवसांची आठवण द्यायची नाही, असा इथे कडक दंडक आहे. त्याला परकं वाटू नये म्हणून. मलाही सुरुवातीला ते लागलं होतं. आता मीच न विचारता सांगते. अर्ध्या बायकांना तुझं दुकान कुठल्या गल्लीत आहे ते पाठ झालंय.

मी घरी आले होते तेव्हाच जे सांगायचं होतं, ते आता सांगते. तू एवढंच विचारलंस की मुलगा कोण. मुलगा नाही. आमच्या रुग्णालयात एक म्हातारी गेली. तिच्या छातीचे एक्स-रे मीच काढले होते. नंतर काही कागद द्यायला मी तळमजल्यावर गेले, तर शवागाराच्या दाराशी एक माणूस खुर्ची टाकून बसला होता आणि हळू आवाजात पुस्तकातलं काही वाचत होता. मी म्हटलं, तुम्ही मुलगा का? तर तो तिला ओळखतही नव्हता. मेलेल्या माणसाला पुरेपर्यंत एकटं सोडायचं नसतं, म्हणून आळीपाळीने कुणी ना कुणी बसतं, असं म्हणाला. दुपारी त्याच्या जागी दुसरा आला.

मी जिन्यात जाऊन रडले. बाबा गेले तेव्हा सुट्ट्या होत्या. रुग्णालयाचं कार्यालय उघडलं की न्यायला या, असं आपल्याला सांगितलं, आणि आपण दोघी घरी येऊन बसलो. बाबा तिथे खाली, बंद खोलीत, एकटे. त्यांना घरात दार लावून झोपही येत नसे. त्या माणसाला मी विचारलं की तुम्ही कोण लोक. तिथून सुरुवात झाली, आई. मला कुणी नादी लावलेलं नाही.

ठमी


२० एप्रिल

ठमे,

बाबांचं वाचलं आणि दुकान उघडलंच नाही. शेजारीण विचारायला आली, तिला सांगितलं अंग दुखतंय.

त्या सुट्ट्या मलाही खातात. तू माझ्यासमोर रडली नाहीस म्हणून मला वाटलं, तरुण आहे, विसरेल. मी रडले नाही म्हणून तुलाही माझ्याबद्दल असंच काही वाटलं असेल. दोघी एकाच घरात होतो आणि एकमेकींपासून लपवत होतो. तुझ्या त्या खुर्चीवरच्या माणसाला भेटलीस तर माझा नमस्कार सांग.

आता कोट. तो पाठवून दे. मी शिवलेलं उसवायचं तर मीच उसवीन. सुती कॅनव्हास चालतं ना, ते बाईंना विचारून घे. आणि बटणंसुद्धा मी लिननच्या दोऱ्याने लावली आहेत, हे तुलाही माहीत नव्हतं, तीही काढून रेशमाने लावते. नियमाला कारण नाही म्हणतेस, तर माझ्याकडे रोज असली गिऱ्हाइकं येतात. दोनच बटणं हवीत म्हणतात, का ते सांगता येत नाही. मी शिवून देते.

एवढं करते म्हणजे मला सगळं पटलं असं समजू नकोस. थंडीत तू पातळ कपड्यात फिरायला नको, एवढ्यासाठी करते.

आई


शनिवार, १३ मे

आई, कोट आला, आणि भर उन्हाळ्यात मी तो घालून बसले आहे.


शनिवार, ८ जुलै

आई, आज सांगण्यासारखं काही नाही, तरी लिहिते.


२८ सप्टेंबर

आई,

या सोमवारी योम किप्पूर झाला. दिवसभर कडक उपास, पाणीसुद्धा नाही. पण उपासापेक्षा आधीचे दिवस जड जातात. वर्षभरात ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे जाऊन आधी माफी मागायची, मगच देवापाशी उभं राहायचं. माणसाचं देणं देव माफ करत नाही, असं बाई म्हणतात. हे माफीचं पत्र मी त्या दिवसांतच लिहायला हवं होतं, उशिरा लिहिते आहे. तुला मागच्या वर्षी घरात उभ्या उभ्या सांगून टाकलं, धड बसूही दिलं नाही. माफ कर.

आता आठवडाभर सगळे बाहेर झोपड्या बांधून त्यात जेवतील. छप्पर असं हवं की त्यातून तारे दिसले पाहिजेत. आमच्या अंगणातली सुताराने बांधली. त्याचा प्रवेश मागच्या महिन्यात झाला, आता तो जिन्यातला दिवा लावत नाही, अंधारात चाचपडत वर येतो आणि खूश असतो. माझं अजून नाही. अजून तयारी झाली असं वाटत नाही. होईल.

थंडी सुरू झाली की माझ्याकडे राहायला ये. कोट घालून न्यायला येईन.

ठमी


९ ऑक्टोबर

ठमे,

माफ केलं. तसं ते केव्हाच केलं होतं, पण तू मागितलंस ते बरं केलंस.

तयारी झाली नाही म्हणतेस तर घाई कशाला? एवढ्या मोठ्या गोष्टीला वेळ लागायचाच. शिकत राहा. शिकण्यात आणखी चार वर्षं गेली म्हणून काही बिघडत नाही. पुढच्या महिन्यात येते. येताना तुझ्या खिडकीला लावायला लोकरीची पट्टी शिवून आणीन, मोजा काढून टाक.

आई


२१ नोव्हेंबर

ठमे,

नीट पोचले. तुझं शनिवारचं कार्डही आजच पोचलं.

मी तुझ्यासमोर खुर्चीत बसले होते, हात लांब केला असता तर तुला लागला असता. तू कार्ड काढलंस, लिहिलंस आणि पालथं ठेवलंस. मी म्हटलं, अगं मी इथेच आहे, तोंडाने सांग. तू म्हणालीस, पोस्टाने येईल. आज वाचलं. 'आई, तू समोर बसून डुलक्या काढते आहेस.' मी डुलक्या काढत नव्हते, डोळे मिटले होते.

आता जे तुला माहीत नाही ते. रविवारी तू दूध आणायला खाली गेलीस तेव्हा बाई आल्या. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी विचारलं, "तुमची लेक कशासाठी थांबली आहे, तुम्हाला काही बोलली का?" मी म्हटलं, तिची तयारी व्हायची आहे. त्या म्हणाल्या, तिची तयारी उन्हाळ्यातच झाली. त्या सुताराबरोबरच तिचंही व्हायचं होतं. रब्बींनी तारीख दिली ती तिने पुढे ढकलली, पुन्हा दिली ती पुन्हा ढकलली. त्यांना वाटलं होतं मी आडकाठी केली असेल. मी म्हटलं, मी एक शब्द बोललेले नाही. आणि ते म्हणता म्हणता मला कळलं. तेवढ्यात तू दूध घेऊन आलीस.

कार्डासाठी थांबली आहेस तू. मंगळवारी मी काम टाकून दाराशी उभी असते, हे तुला मावशीने सांगितलं असणार.

खरं लिहिते. आधी मला आनंद झाला. गाडीत बसले तरी होता. जिंकल्यासारखं वाटत होतं. मग तुझ्या बाबांची आठवण झाली, आणि तू तिथे कशासाठी गेलीस तेही आठवलं. तू आत जायला निघालीस आणि मी तुझा पदर धरून ठेवला आहे, तोही तोंडाने नाही नाही म्हणत. मला माझीच लाज वाटली.

तारीख घे. मी सांगते म्हणून घे. आठवड्याचे बाकीचे दिवस आहेतच, त्यातल्या कुठल्याही दिवशी लिही, मी पोस्टमनला तसं सांगून ठेवीन.

आई


२६ नोव्हेंबर

आई,

कार्डाचं तू ओळखलंस. पण ते अर्धंच आहे. उरलेलं सांगायचं धाडस मला झालं नव्हतं. दोन्ही वेळा तारीख मिळाली तेव्हा मी पत्र लिहायला बसले आणि फाडून टाकलं.

त्या दिवशी पाण्यात बुडी मारून वर आलं की नवं नाव मिळतं. आणि इथे नावापुढे कुणाची मुलगी ते लागतं. तिथे तुझं नाव येत नाही. बाबांचंही येत नाही. बाहेरून आलेले सगळे अव्राहाम आणि सारा या मूळ जोडप्याची लेकरं धरली जातात, त्या दिवशी जन्मल्यासारखी. प्रार्थनेत बोलावलं तर तेच नाव, लग्न झालं तर तेच, मेल्यावर दगडावरही तेच. बाबा एकटे पडून राहिले म्हणून मी या वाटेला लागले, आणि वाटेच्या शेवटी मी त्यांची मुलगी म्हणून कुठे लिहिली जाणार नाही. तुझीही नाही.

बाई म्हणतात, याने आईबाप तुटत नाहीत, त्यांचा मान राखायचाच असतो, सेवा करायचीच असते. ते मला पटतं. पण तू ते नाव ऐकशील तेव्हा तुझा चेहरा कसा होईल, हे डोळ्यांपुढे आलं की पाय उचलत नाही.

तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. हे रागाने किंवा रडून लिहीत नाही. आहे तशी राहीन, शनिवारी कार्ड लिहीन, आणि तुला कधी बोलून दाखवणार नाही. काय ते तू ठरव.

ठमी


१९ डिसेंबर

ठमे,

उत्तराला फार उशीर झाला, तू रोज पेटी बघत असशील. एक पत्र लिहिलं होतं, ते कात्रीने कापून चिंध्यांत टाकलं. त्यात काय होतं ते विचारू नकोस. मावशीला काही सांगितलं नाही, तिने गावभर केलं असतं. काही दिवस नुसती शिवत बसले. उलट्या बाजूने बाही लावली, ती उसवली.

मग मी बाईंना फोन केला. विचारलं, ही सारा कोण? त्यांनी सगळं नीट सांगितलं. तिला मूल नव्हतं, वाट बघता बघता म्हातारी झाली. आणि इतक्या वर्षांनी देवाने मूल होईल म्हणून सांगितलं, तर ती हसली. ते ऐकून मला ती बरी वाटली. मीही हसले असते. एवढी वाट बघितलेली बाई कुणाच्या लेकीला आपली म्हणत असेल, तर तिच्याशी मी काय भांडू?

फक्त तिला काही गोष्टी सांगून ठेव. हिला सकाळी चहा मिळेपर्यंत बोलायचं नाही. थंडीत हिच्या टाचांना भेगा पडतात, आणि ही सांगत नाही, लंगडायला लागली की ओळखायचं. ही माणसांसमोर रडत नाही, जिन्यात जाऊन रडते, तिथे जाऊन बघायचं. एवढं सांभाळणार असेल तर नाव तिचं लागू दे. मी कुठे जाते आहे?

बाबांचं म्हणशील, तर तू चालतेस ती त्यांच्यासारखी, एक खांदा खाली टाकून. त्यासाठी मी तुझे सगळे कोट डावीकडे थोडे चढते शिवत आले. ते कुठल्या नावाने बदलणार नाही.

तेव्हा जा. नको म्हणण्याचा हक्क तू मला दिलास, तो मी वापरत नाही. मला वाईट वाटलं, अजून वाटतं, आणि तरीही जा.

माझं एक. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. डाव्याने आधीच दगा दिलेला, त्यामुळे डॉक्टर जरा जपून बोलतात. बरं झालं तर झालं, नाही तर दुकान बंद करावं लागेल. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी ऑपरेशन आहे. मावशी येणार आहे, तू सुट्टी काढू नकोस.

आई


१६ जानेवारी

आई,

झालं. मागच्या बुधवारी.

आधी एका लांब टेबलामागे तिघे रब्बी बसले होते, त्यांनी पुष्कळ विचारलं. सण, नियम, प्रार्थना. शेवटी मधले म्हातारे म्हणाले, हे सगळं ठीक, तुझ्या मनावर काही ओझं आहे का? मी तुझं पत्र काढलं आणि साराला सांगायचं ते वाचून दाखवलं. चहाचं, भेगांचं, जिन्याचं. वाचताना रडू आलं, पण मी जिन्यात गेले नाही, तिथेच रडले. त्या म्हाताऱ्यांनी चष्मा काढला. पुसता पुसता म्हणाले, जा.

फरशी बसवलेली छोटी खोली, पायऱ्या पाण्यात उतरणाऱ्या, पाणी कोमट. अंगावर काहीही ठेवायचं नसतं, केसातली पिनसुद्धा नाही. लहानपणी तू घातलेल्या कानातल्या बाळ्या मी पहिल्यांदाच काढल्या. त्या निघता निघेनात, बाईंनी साबण लावून काढल्या. बुडी मारली, वर आले, म्हणायचं ते म्हटलं, पुन्हा बुडी मारली. दाराबाहेरून त्या तिघांचा होकाराचा आवाज आला, बाई रडत होत्या. आता मी त्यांच्यातली आहे. मला शांत वाटतंय, आणि हे तुझ्यापासून लपवावंसं वाटत नाही.

शनिवारी मात्र दुपारी मी सवयीने टेबलाशी जाऊन बसले. पेन खणात होतं. हात मांडीवर ठेवून बसून राहिले, दिवस मावळेपर्यंत.

आता तुला एक विचारायचंय. तुझ्या ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी तुझ्यासाठी प्रार्थना करायची आहे. आजारी माणसांसाठी प्रार्थना होते तेव्हा म्हणणारे मधे थांबतात, आणि ज्याने त्याने आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं असतं. एरवी इथे नावापुढे वडील लागतात, पण आजारपणात आई लागते. अमकी, तमकीची मुलगी. बाईंनी मला विचारलं, तुझ्या आईचं नाव काय, आणि तिच्या आईचं? इथे येऊन इतकी वर्षं झाली, मला घरचं विचारलेलं हे पहिलंच. तुझं नाव मी सांगितलं, आणि पुढे मला काही सांगता येईना. मी तिला जन्मभर आजी म्हटलं. आई, मला तुझ्या आईचं नावच माहीत नाही. लिहून पाठव, तुझ्या हातचं हवं.

ठमी


२० जानेवारी

ठमे,

सगळं वाचलं, चष्मा आणि भिंग दोन्ही लावून. बाळ्या परत घातल्यास ना? नाहीतर भोकं बुजतील.

तुला शांत वाटतंय हे लिहिलंस ते बरं केलंस. मी ते वाक्य मावशीला वाचून दाखवलं.

आजीचं नाव विचारलंस, तर मलाही आठवावं लागलं, काय सांगू. तिला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. माझे वडील तिला 'अगं' म्हणायचे, जावा 'थोरली' म्हणायच्या, शेजारी माझ्या भावाची आई म्हणायचे, आणि आम्हाला ती नुसती आई. ती गेली तेव्हा कारकुनाने नाव विचारलं, मी सांगितलं, त्याने मान खाली घालून लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. त्यानंतर मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या लेकीने विचारलं, तेही परक्या देवळात घेण्यासाठी. परकं म्हणायचं नाही आता, चुकले.

काल गिऱ्हाईक नसताना मी ते नाव म्हणून पाहिलं, दुकानात उभी राहून, मोठ्याने. आधी कसंतरीच वाटलं. मग पुन्हा म्हटलं, आणि खुर्चीत बसून रडले. ती गेली तेव्हा एवढी रडले नव्हते. तुला नवं नाव मिळालं त्याचं दुःख करत बसले होते, आणि माझ्या आईचं नाव मीच घेत नव्हते.

सोबतच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं आहेत, माझं आणि तिचं. डोळा अधू आहे तरी ओळ सरळ आली आहे. पाठ करून जा. शनिवारी चिठ्ठी खिशात घालून बाहेर पडता येत नाही, हे आता मलाही ठाऊक आहे.

घाई करू नकोस, लाजू नकोस. माझं नाव हळू घेतलंस तरी चालेल. तिचं मोठ्याने घे. शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं.

आई